चिंचमळ्यातली साखर

आमच्या मळ्यातल्या सुना एकेकाळी राष्ट्रीय महत्त्वाच्या होत्या. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, आजी एखाद्या मोर्चाबद्दल नाहीतर सत्याग्रहाबद्दल बोलतेय. तसं काही नव्हतं. त्यांचं महत्त्व बाटलीत मावत होतं आणि ते जेमतेम एक सुगी टिकलं. पण तेवढ्या काळात आमच्या दारात जीप येत होती, आणि जीप दारात येणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. तोवर आमच्याकडे जीप यायची ती निवडणुकीला, आणि तीसुद्धा आतला माणूस हात जोडून पुन्हा आत बसेपर्यंतच थांबायची.

चिंचमळा म्हणजे राहुरीच्या पुढं, कालव्याच्या अलीकडं, एकाच भावकीची मोजकी घरं. चिंच त्यात एकही नव्हती. पूर्वी होती म्हणत, पण ती पाहिलेलं माणूस मला कधी भेटलं नाही. सकाळी सगळ्यात आधी कानावर पडायच्या त्या भाकऱ्या. प्रत्येक घरातली थापायची लय वेगळी होती आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला ओळखू यायचं की आता शेजारची कमलवहिनी बसली, आता आई बसली. मागून विहिरीवरचं इंजिन पुकपुक सुरू व्हायचं आणि मग दिवसभर दुसरं काही नीट ऐकू यायचं नाही, त्यामुळं आमच्याकडची माणसं घरातसुद्धा ओरडूनच बोलायची. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. पुढं कॉलेजात घालायचं की लग्न करून मोकळं व्हायचं, यावर अप्पांचा विचार चालू होता. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा विचार एकदा चालू झाला की विहिरीवरच्या इंजिनासारखा लवकर बंद होत नसे.

घर मात्र अप्पांच्या विचारावर चालत नव्हतं, ते जिजीच्या आवाजावर चालायचं. जिजी माझी थोरली चुलती. चुलते गेले तेव्हा ती तिशीचीही नव्हती, पदरी मूल नव्हतं. माहेरचे न्यायला आले तर त्यांना जेवू घालून तिनं परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशीखाली जाऊन बसली, ती कायमचीच. उंच, हाडापेराची बाई. खळ्यातून हाक मारली तर कालव्यावरचा माणूस ओ द्यायचा. अप्पा तिला आईच्या जागी मानायचे आणि तिच्यासमोर कधी खाटेवर बसायचे नाहीत. त्या वर्षी ती जरा वाळली होती. कामानं, असं सगळे म्हणायचे. तिला तहान फार लागायची. येता जाता रांजणाशी थांबून तांब्याच्या तांब्या घशात ओतायची, आणि मग तितक्याच वेळा आडोशाला जायची. ती रांजणाकडं वळली की कमलवहिनी म्हणायची, "सुटलं बाई कालव्याला पानी." जिजीच सगळ्यात मोठ्यानं हसायची.

अशा आमच्या मळ्यात ती संस्था आली. राष्ट्रीय जीवरसायन संशोधन संस्था, तिकडं दक्षिणेत, मोठ्या शहरात. तिथली माणसं शरीरातली रसायनं मोजतात, असं अप्पांना कुणीतरी सांगितलं. अप्पा साखर कारखान्याचे सभासद, त्यांनी लगेच मळ्यात समजावून दिलं, "आपल्या कारखान्यात उसात साखर किती त्याचा उतारा काढत्यात ना, तसा हे मानसाचा काढनार." आमचीच निवड का, यालाही कारण होतं. ज्वारी खाणाऱ्या काही मुलखांत लोकांना कातडीचा एक आजार व्हायचा. आम्हीही ज्वारीच खात होतो आणि आम्हाला तो होत नव्हता. म्हणजे आम्हाला काय झालंय हे बघायला ते आले नव्हते, काय झालेलं नाही हे बघायला आले होते. अप्पांना हा मोठाच मान वाटला. त्यांनी पडवीतली गाय हलवून ती जागा प्रयोगशाळेला देऊन टाकली. गाय बरेच दिवस खिडकीतून आत बघत उभी असायची.

प्रमुख होते डॉक्टर राघवन. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी आमच्यापेक्षा थोडं कमी यायचं. ते डॉक्टर असून औषध देत नाहीत हे लोकांच्या पचनी पडायला फार वेळ लागला. ताप आलेली पोरं घेऊन बायका पडवीपुढं बसायच्या आणि ते हात जोडून आत पळायचे. एकदा सगळं मांडून देऊन ते आपल्या शहरात परत गेले आणि मागं ठेवलं दातारबाईंना. त्या पुण्याच्या. गोल पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, वय उलटून चाललं तरी लग्न न झालेल्या. बोलायच्या इतकं शुद्ध की जिजी म्हणायची, "बाई बोलाया लागली की मला आकाशवानी लागल्यावानी वाटतं." माझ्यावर त्यांचा जीव होता, कारण मळ्यात तराजूच्या काट्यापुढं उभं राहून प्रश्न विचारणारी मी एकटीच.

पहिलं काम होतं अन्न मोजण्याचं. घरोघरी जाऊन बाईनं जे रांधलंय ते दातारबाई तोलायच्या आणि लिहून घ्यायच्या. आता पाहुणी काटा घेऊन चुलीपुढं बसलेली असताना भाकरी आणि ठेचा कोण दाखवणार? पहिल्या दिवशी आईनं गुळाचा शिरा केला. दुसऱ्या घरी गुळाच्या पोळ्या झाल्या. तिसऱ्या घरी काहीच नव्हतं, तर त्यांनी आमच्याकडून तूप नेलं.

"अहो, नेहमीचंच करा," दातारबाई काकुळतीला यायच्या. "रोज तुम्ही जे खाता तेच मला हवं आहे."

"पाव्हनं दारात आल्यावर नेहमीचं कसं करायचं, ताई?" आई हळूच म्हणायची.

"मी पाहुणी नाही, मी शास्त्रज्ञ आहे."

"मंग त्येला तर शिरा पायजेच," जिजी आतून ओरडायची.

अशा रीतीनं चिंचमळ्यातला माणूस दररोज वाटीभर तूप आणि मूठभर गूळ खातो, हे शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झालं. पोरांची मात्र चंगळ झाली. दातारबाई आज कुणाच्या घरी जाणार याची बातमी पोरं आदल्या दिवशीच काढून ठेवायची.

मग बाटल्या आल्या. काळपट तपकिरी काचेच्या, रुंद तोंडाच्या, तळाशी उग्र वासाचं औषध घातलेल्या. दातारबाईंनी मळ्यातल्या सगळ्या सुनांना आमच्या ओसरीवर गोळा केलं. संस्थेला फक्त लेकुरवाळ्या वयाच्या सुना हव्या होत्या. जिजीही येऊन बसली, तर दातारबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही नाही. तुमचं वय बसत नाही यात." जिजी "बरं बाई" म्हणून वैरणीला निघून गेली. दातारबाईंनी मग सांगायला सुरुवात केली. रोज दोघींची पाळी. एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत प्रत्येक वेळची लघवी या बाटलीत धरायची, थेंबभरही वाया घालवायची नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या स्वच्छ उच्चारात म्हटलं की क्षणभर कुणाला त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा ओसरीवरचे सगळे पदर तोंडाला गेले.

तेवढ्यावर भागलं असतं. बायका अब्रू सांभाळून काहीही करू शकतात. अडचण निघाली ती वेगळीच. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि त्यावर टपोऱ्या अक्षरात नावं होती. शिकलेली म्हणून मला वाचायला सांगितलं. मी ठसक्यात वाचलं, "सौभाग्यवती शेवंताबाई भाऊसाहेब." भाऊसाहेब म्हणजे आमचे अप्पा. आईनं डोळेच मिटून घेतले. मी पुढची वाचली, त्यापुढची वाचली. प्रत्येक बाटलीवर नवऱ्याचं नाव होतं.

कमलवहिनीला अखेर बोलावं लागलं. "ताई, ह्याच्यावर ह्यांचं नाव लिवलंय."

"मग?"

"मंग त्यात कसं करायचं?"

दातारबाईंना कळेना. "नाव बाहेरून आहे हो. आत थोडंच आहे?"

ज्या नावाचा बायकांनी कधी उच्चारसुद्धा केला नव्हता, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, ते नाव लिहिलेल्या भांड्यात हे करायचं म्हणजे काय, हे पुण्याच्या कुमारिकेला समजावून सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. चिठ्ठी काढून टाका म्हणावं, तर नाव नसलेला नमुना संस्था घेत नव्हती. दातारबाई पडवीत गेल्या आणि बाटल्या ओसरीवरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, तशाच उभ्या राहिल्या. कमलवहिनी रडायच्या बेतात होती, कारण पहिली पाळी तिची होती.

संध्याकाळी जिजी वैरणीचा भारा टाकून आत आली. काय झालं ते तिला सांगितलं. तिनं एक बाटली उचलली, उलटी सुलटी केली, वास घेऊन तोंड वाकडं केलं. "येवढंच ना? आना हिकडं. माझं मालक गेलं, मला कुनाच्या नावाचं भ्या? आन् मला तर घटकाघटकाला जावंच लागतंय. फुकट चाललंय ते सरकारच्या कामी तरी यील."

"जिजी, आवो पन..." आई म्हणाली.

"पन न्हाई आन् बिन न्हाई. आन् कुनी कुठं बोलायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय समद्यांना."

आणि खरोखर, काही दिवस रोज सकाळी फळीवर दोन बाटल्या काठोकाठ भरून तयार असायच्या. दातारबाई खूष. चिंचमळ्यातल्या बायका किती शिस्तीच्या आहेत, असं त्या अप्पांना म्हणाल्या. "स्वतःचाच नमुना आहे ना?" असं त्यांनी प्रत्येकीला विचारलं होतं आणि प्रत्येकीनं मान खाली घालून "व्हय" म्हटलं होतं. ती मान लाजेनं खाली गेली असं त्यांना वाटलं, आणि तेही खोटं नव्हतं.

त्यानंतरच्या एका सकाळी मी पडवीत चहा घेऊन गेले तर दातारबाई स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरून बसल्या होत्या. आत निळंशार पाणी होतं. त्यात त्यांनी बाटलीतले थेंब टाकले, उकळलं, आणि ते निळं पाणी हिरवं, पिवळं होत होत भाजलेल्या विटेच्या रंगाचं झालं. मला ते फार सुंदर वाटलं. खरं सांगायचं तर पुढं मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून पोट भरलं त्याचं मूळ त्या नळीत आहे. दातारबाईंचा चेहरा मात्र पडला. "ही साखर आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरी बाटली घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक वेळी वीट. पुण्याच्या माणसाला स्वतःवर शंका यायला वेळ लागतो, पण त्यांना आली. औषधच नासलं असेल म्हणून त्यांनी मला बाहेर घालवलं आणि स्वतःचा नमुना तपासला. तो निळाच राहिला. दुपारी त्या राहुरीला जाऊन तार करून आल्या.

डॉक्टर राघवन आले ते धावतच. सगळे आकडे त्यांनी पुन्हा पाहिले आणि त्यांचे डोळे चकाकायला लागले. नुसती साखरच नाही, इतर सगळी रसायनंही सगळ्या बायकांत जवळजवळ सारखी. इतका एकसारखा समाज त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ते म्हणाले, हे रक्तातून आलेलं आहे, एका घराण्याचं वैशिष्ट्य आहे. दातारबाईंनी आठवण करून दिली, "सर, या सुना आहेत. कोणी मिरजगावची आहे, कोणी राहात्याची." मग त्यांनी विहिरीचं पाणी तपासलं. मग शिऱ्याचा संशय घेतला. शेवटी रक्त घ्यायचं ठरलं. आम्हाला वाटलं बायका आता पळून जातील, पण त्यांनी निमूट हात पुढं केले. नळ्या बोटभर लांबीच्या होत्या आणि त्यांवर नुसते आकडे होते.

रक्त उसनं देता येत नाही. ते ज्याचं त्याचंच गेलं आणि ते सगळं निरोगी निघालं. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण शास्त्रात असा एक प्रकार आहे की रक्तात साखर ठीक असते आणि तरी मूत्रपिंडातून ती गळते. लाखात एखाद्याला असतो, आणि त्याला त्याचा काही त्रासही नसतो. इथं सगळा मळाच तसा! डॉक्टर राघवन त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी अप्पांचे दोन्ही हात धरून हलवले आणि इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. दातारबाईंनी त्याचं मराठी एकाच वाक्यात केलं, "सर म्हणतात, तुमच्या घरातल्या स्त्रिया देशात एकमेव आहेत."

अप्पांचा जन्म सार्थकी लागला. राहुरीच्या बाजारात ते लोकांना थांबवून सांगायला लागले. बायकोचं नाव चारचौघांत न घेणारे भावकीतले बापे आता पारावर बायकांच्या लघवीबद्दल अभिमानानं बोलत होते. "कारखान्याला ऊस लागतो," एकजण म्हणाला, "आमच्या बायकांना निस्ती भाकर लागती." बायका हे आतून ऐकायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या नाहीत. एकदा गंमत म्हणून सुरू झालेलं आता इतकं मोठं झालं होतं की त्यातून बाहेर यायची वाटच राहिली नव्हती. त्यातच ठरलं की दोघी सुनांना संस्थेत नेऊन महिनाभर ठेवायचं. त्यात एक कमलवहिनी. तिचं पोर अजून अंगावर पीत होतं.

त्याच सुगीत, ज्वारी काढताना, जिजीच्या पायाच्या अंगठ्यात सड घुसला. कापलेल्या धाटाचं जमिनीत राहिलेलं टोक. आमच्याकडं ते सगळ्यांनाच कधी ना कधी लागतं. हळद दाबली की चार दिवसांत बरं होतं. जिजीचं झालं नाही. ती फडकं बांधून फिरत होती. फडक्याला वास यायला लागला तेव्हा तिनं चुलीपाशी बसणं सोडलं, बाहेर ओट्यावर बसायला लागली.

मी दातारबाईंना सहज म्हणून विचारलं होतं की साखर अशी जात राहिली तर वहिनीचं काय होईल. त्या म्हणाल्या, "तुझ्या वहिनीला काही होणार नाही. तिचं रक्त उत्तम आहे. पण इतकी साखर खरोखर मधुमेहानं जात असती तर घाबरण्यासारखं होतं."

"का?"

"त्या माणसाला सारखी तहान लागते. सारखं जावं लागतं. खातापिता वाळत जातो. जखम झाली तर भरत नाही, चिघळत जाते. आणि उपचार झाले नाहीत तर..." त्यांनी नळी धुवायला घेतली.

आम्ही घरात ज्या ज्या गोष्टीला हसत होतो त्या सगळ्या त्यांनी एकामागून एक शुद्ध मराठीत सांगितल्या होत्या. मी बाहेर आले तर जिजी एक पाय उचलून धरत रांजणाकडं चालली होती. मला एकदम भीती वाटली. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. माझी आई घरात सगळ्यात कमी बोलणारी. भावकीतल्या पुरुषांनी तिचा आवाज ऐकला असेल असं मला वाटत नाही, तोंडही नीट पाहिलं नसेल. तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, "जिजींना इचारते."

जिजीनं ऐकलं आणि हसली. "साखरच हाय ना? इख तर न्हाई."

"जिजी, पाय बघा तुमचा. त्या डाक्टरला सांगू."

"काय सांगशील? समद्यांच्या बाटल्यांत मी केलं म्हनून? येडी का खुळी तू? बापयांनी गावभर सांगितलंय. पोरींचं काय ऱ्हाईल त्यांच्यापुढं? कमळीला तिचा नवरा नांदवील का? बरा होतोय पाय. शपथ घातलीय, ध्यानात ठेव."

आईनं ध्यानात ठेवलं. मी चिडले, रडले, दातारबाईंना मी सांगते म्हणाले, तर आईनं मनगट धरलं. "तू न्हाई. तू लेक हायेस, तू उद्या जाशील. हे आमचं हाय." तेव्हा मला ती भित्री वाटली. आज, तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झाल्यावर, मला कळतं की ती काहीतरी गोळा करत होती आणि ते गोळा व्हायला तिला तेवढे दिवस लागले.

जीप आली त्या सकाळी जिजीला उठता आलं नाही. अंगात ताप होता, अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा वर सरकत होता. बाहेर मात्र वाजंत्रीच तेवढी कमी होती. भावकी जमली होती. अप्पांनी धुतलेला फेटा बांधला होता, जीपच्या चाकापुढं नारळ फोडला होता. कमलवहिनी नवं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली होती आणि पोराला छातीशी धरून हुंदके देत होती. दुसरी सून तिच्या शेजारी. डॉक्टर राघवन ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि दातारबाई पायरीवर पाय ठेवून उभ्या होत्या.

आई ओसरीवरून खाली उतरली. पदर कपाळावर होता, पण तोंडावर नव्हता.

"कमळे, खाली उतर," ती म्हणाली.

अप्पांना आधी कोण बोललं तेच कळलं नाही. "काय झालं?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती दातारबाईंकडं बघून बोलली, आणि इंजिन बंद असूनही मोठ्यानं बोलली. "ताई, त्यातली एक बी बाटली आमची न्हाई. समद्या जिजींच्या हायेत. तुमी त्याच्यावर आमच्या मालकांची नावं लिवली हुती, आमच्याच्यानं त्यात झालं न्हाई. जिजींनी आमची लाज राखली. साखर त्यांच्या अंगात हाय. पाय काळा पडलाय त्यांचा. कुनाला न्यायचं असंल तर त्यांना न्या."

घरातून जिजीचा आवाज आला, तापातही कालव्यापर्यंत जाईल असा. "शेवंते! तोंड मीट!"

"न्हाई मिटनार," आई म्हणाली.

बापे एकमेकांकडं बघत होते. अप्पांच्या तोंडातून शब्द आले, "म्हंजी माझ्या नावाच्या बाटलीत वैनींनी..." आणि ते वाक्य त्यांनी जन्मात पुरं केलं नाही. त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि खाली मातीत बसले. कमलवहिनी पोराला घेऊन जीपमधून उतरली, आईच्या मागं जाऊन उभी राहिली. मग एकेक करून सगळ्या सुना येऊन तिथं उभ्या राहिल्या. नांदवायचं की नाही हा प्रश्न मग कुणी काढला नाही. इतक्या जणींना एकदम माहेरी धाडायचं तर भाकरी कोण थापणार होतं?

दातारबाईंना हे सगळं इंग्रजीत सांगायचं होतं. त्यांनी वेळ घेतला. मी डॉक्टर राघवनांच्या चेहऱ्याकडं बघत होते. "वन वुमन?" त्यांनी विचारलं. दातारबाईंनी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. देशात एकमेव असलेला मळा त्यांच्यादेखत साधा होऊन गेला होता. मला वाटलं, आता जीप धूळ उडवत निघून जाणार. आम्ही फसवलं होतं त्यांना, आणि जिजीचं तर वयही त्यांच्या अभ्यासात बसत नव्हतं.

ते खाली उतरले आणि बूट न काढता थेट घरात शिरले, जिथं परका पुरुष कधी गेला नव्हता तिथवर. अगदी थोडा वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा ते दातारबाईंना भराभर काहीतरी सांगत होते आणि आपली पुढची जागा रिकामी करत होते. जिजीला उचलून पुढं बसवलं, पाय सरळ ठेवता यावा म्हणून. डॉक्टर मागच्या बाकावर बसले, मांडीवर रिकाम्या बाटल्यांचा खोका घेऊन. आई आणि मी त्यांच्यासमोर. नगरपर्यंत जिजी ड्रायव्हरला खड्डे दाखवत होती.

जिजी वाचली. अंगठा गेला, पाय राहिला. रोज सुई टोचून घ्यायला ती शिकली आणि रोज त्या सुईला शिव्या द्यायची. पुष्कळ वर्षं जगली, चोरून शिराही खात राहिली. संस्थेनं चिंचमळा आपल्या अभ्यासातून गाळून टाकला, गाय पडवीत परत आली. मी कॉलेजात गेले. त्या सकाळनंतर आई जे म्हणेल त्याला नाही म्हणायची अप्पांची हिंमतच गेली होती. संस्थेतल्या लोकांना मी पुढं बऱ्याचदा भेटले, परिषदांमध्ये वगैरे. त्यांना माणसाच्या पेशीत काय चाललंय हे आता इतकं बारीक दिसतं की थक्क व्हायला होतं. बाटली कुणी भरली हे मात्र अजूनही विचारूनच घ्यावं लागतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या दुपारचं. दवाखान्यात जिजीला खाटेवर घेतलं होतं. नर्स आली, तिच्या हातात काचेची लहानशी बाटली होती आणि कोऱ्या चिठ्ठ्या. तिनं नाव विचारलं. जिजीनं स्वतःचं सांगितलं, चंद्रभागा. "मालकांचं?" नर्सनं विचारलं. जिजीनं आईकडं पाहिलं. थोरल्या दिराचं नाव आईही घेत नव्हती. शेवटी मी सांगितलं, सखाराम. नर्सनं ते लिहिलं, चिठ्ठी चिकटवली आणि बाटली जिजीच्या हातात दिली.

जिजीला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. सगळ्या मळ्याच्या बाटल्या जिनं हसत भरल्या, तिनं ही बाटली नर्सपुढं परत धरली.

"बाई," ती नर्सला म्हणाली, आणि इतक्या बारीक आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, "येवढी चिठ्ठी काढता का? त्यांचं नाव हाय तिच्यावर."